आधी ब्रेक, मग मागांची संख्या

विणकामाच्या पाठ्यपुस्तकांत मागाच्या हालचालींचे तीन वर्ग पाडण्याची रीत आहे. पहिल्या वर्गात ताण्याच्या तारा वर-खाली होणे, धोटा इकडून तिकडे जाणे आणि फणीने बाणा ठोकून बसवणे. दुसऱ्यात बीमवरून ताणा सुटणे आणि तयार कापड रोलावर गुंडाळले जाणे. हे सगळे सांगून झाल्यावर तिसरा वर्ग येतो: तार तुटली, धोटा अडला किंवा कांडी संपली तर माग आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणा. पहिल्या दोन वर्गांशिवाय कापड होतच नाही, तिसऱ्याशिवाय होते. म्हणून त्याला 'साहाय्यक' म्हणतात. तांत्रिक वर्गीकरण म्हणून त्यात काही चूक नाही. पण मागाजवळ माणूस उभा असतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर हा क्रम उलटा लागतो. एका माणसाने किती माग सांभाळायचे, त्याच्या डोळ्यांना किती ताण पडायचा आणि खराब कापडाचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे माग चालतो कसा यापेक्षा थांबतो कसा यावर ठरत आले आहे. रत्नागिरी जिल्ह्याइतका याचा अनुभव महाराष्ट्रात दुसऱ्या जिल्ह्याने क्वचितच घेतला असेल, आणि तोही स्वतःच्या हद्दीत मोठी कापड गिरणी नसताना.

या यंत्रणांची जुळणी, आकृत्या आणि देखभाल पुढील प्रकरणांत येईलच. प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. यंत्राला जे स्वतःहून करता येत नाही ते काम नाहीसे होत नाही. ते माणसाच्या अंगावर येते. माग स्वतः थांबत नसेल तर विणकर हाच त्याचा ब्रेक होतो. तेव्हा कामाचा बोजा वाढवायचा असेल तर आधी मागाला थांबायला शिकवावे आणि मग माणसामागे मागांची संख्या वाढवावी. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम उलटा राहिला. त्याची किंमत मुंबईने मोजली, कोकणाने मोजली, आणि आज भिवंडी-इचलकरंजी मोजत आहे.

आधी यंत्र नीट पाहू. साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशे ते दोनशे पिके, म्हणजे धोट्याच्या फेऱ्या, घेतो. १८० धरली तर सेकंदाला तीन. दोन्ही टोकांना पोलादी टोपी बसवलेला, पाव ते अर्धा किलो वजनाचा लाकडी धोटा एका सेकंदात तीनदा ताण्यातून आरपार जातो आणि प्रत्येक वेळी समोरच्या पेटीत अडवला जातो. बाण्याची तार तुटली किंवा कांडी संपली तरी धोटा धावतच राहतो, फक्त कापड विणले जात नाही. हे ओळखण्यासाठी वेफ्ट फोर्क असतो. वजनाला अगदी हलका, दोन-तीन दात्यांचा हा काटा मागाच्या एका कडेला बसवलेला असतो. फणी धरून मागे-पुढे होणारी स्ले पुढे येते तेव्हा फणीशेजारच्या छोट्या जाळीत त्याचे दाते शिरू पाहतात. मध्ये बाण्याची तार ताणलेली असेल तर ती दात्यांना मागे रेटते, काट्याची शेपटी उचलली जाते आणि मागे-पुढे होणारा हातोडा तिला न लागता निघून जातो. तार नसेल तर दाते जाळीतून आरपार जातात, शेपटी खालीच राहते, हातोड्यात अडकते आणि ओढली जाते. त्या ओढीने माग चालू ठेवणारे हँडल खाचेतून सुटते, पट्टा शाफ्टला जखडलेल्या फास्ट पुलीवरून मोकळ्या फिरणाऱ्या लूज पुलीवर सरकतो आणि ब्रेकचा शू क्रँकशाफ्टवरच्या चाकावर दाबला जातो. सुताची एक तार आहे की नाही, एवढ्या हलक्या साक्षीवर काही मण वजनाचे लोखंड चालते किंवा थांबते. यंत्रशास्त्रातल्या सुंदर कल्पनांत मी हिची गणना करतो. तिच्यात खोटही आहे. हातोड्याला हलवणारा खालचा शाफ्ट दोन पिकांमागे एकदा फिरतो, म्हणून कडेचा काटा एकाआड एक पिकाचीच तपासणी करतो. प्रत्येक पीक तपासायचे तर काटा मध्यभागी बसवावा लागतो, आणि तो बसवणे व जुळवणे जास्त किचकट.

वीज तोडली म्हणजे माग थांबला असे नाही, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. स्ले जड असते, तिचा वेग लगेच मरत नाही. ब्रेकच्या शूला लावलेले चामडे झिजलेले असेल, किंवा चाकावर तेल उडालेले असेल, तर हँडल सुटल्यावरही माग दोन-तीन पिके पुढे जातो. त्या वेळात बाणा नाही, पण कापड गुंडाळणारा रोल मात्र फिरत राहतो. विणकराने पुन्हा माग सुरू करताना रोल बरोबर तितकाच मागे घेतला नाही तर कापडावर आडवी विरळ पट्टी येते. जास्त मागे घेतला तर दाट पट्टी येते. कच्च्या कापडात ती एखाद वेळी नजरेतून सुटते, रंगवल्यावर सुटत नाही. दुसरा प्रसंग धोट्याचा. धोटा पेटीत पोहोचलाच नाही आणि तेवढ्यात फणी पुढे आली, तर तो ताण्यात सापडतो आणि एका ठोक्यात शेकडो तारा तुटतात. मग तारा ओवणाऱ्या वहिफणीवाल्याला बोलवा, तारा ओढा, पाळीतला मोठा भाग गेला. हे टाळण्यासाठी जुन्या इंग्रज कारागिरांनी दोन उपाय काढले. एकात फणीच मागे झुकते आणि धोट्याला जागा देते. दुसऱ्यात पेटीत शिरलेला धोटा एका पट्टीला दाबून स्लेखालचा खंजिरासारखा दांडा उचलतो. धोटा आला नाही तर दांडा खालीच राहतो, समोरच्या ठोकळ्यावर आदळतो आणि माग धाडकन जागच्या जागी थांबतो. तिसरा प्रसंग ताण्याचा आणि तोच सर्वांत नाठाळ. बाणा एक तार असतो, ताण्याच्या तारा काही हजार. त्यातली कुठली तुटली हे कळण्यासाठी प्रत्येक तारेवर एक पातळ पोलादी पत्ती लटकवतात. तार तुटली की पत्ती खाली पडते आणि पट्टीच्या दातांत किंवा विजेच्या जोडणीत अडकून माग बंद करते. हजारो तारांवर हजारो पत्त्या ओवायच्या म्हणजे खर्च आला, वेळ आला. म्हणून हीच यंत्रणा सगळ्यांत शेवटी आली, आणि खर्चाची कात्री लागली की सगळ्यांत आधी गेली.

या यंत्रणांचा इतिहासही त्याच क्रमाने गेलेला दिसतो. १८४१च्या सुमारास लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नला विल्यम केनवर्दी आणि जेम्स बुलो यांनी वेफ्ट फोर्क आणि त्याच्या जोडीच्या सुधारणा मागावर आणल्या. पुढे लँकेशायर माग म्हणून जगभर गेलेले यंत्र ते हेच, आणि मुंबईच्या गिरण्यांतले बहुसंख्य साचे, म्हणजे मागही, याच जातीचे. १८९०च्या दशकात अमेरिकेत ड्रेपर कंपनीसाठी जेम्स नॉर्थ्रप यांनी कांडी आपोआप बदलणारा माग सिद्ध केला. त्याला ताणा थांबवणारी पत्त्यांची यंत्रणा जोडलेली होती, आणि खरी मेख तिथेच आहे. कांडी आपोआप बदलली तरी ताण्यावर डोळा ठेवायला माणूस लागत असेल, तर त्या माणसाला चारांऐवजी सोळा माग देता येत नाहीत. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १८९६-९७ मध्ये वाफेवर चालणारा माग तयार केला, त्यातही बाणा तुटला की थांबण्याची सोय होती. १९२४ साली त्यांचा 'जी' जातीचा माग आला. चालत्या मागावर धोटा बदलणारा आणि काही बिघडले की स्वतः थांबणारा हा माग इतका बिनचूक होता, की १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे एके काळी जगाला कापडयंत्रे विकणाऱ्या कंपनीने, त्याचे हक्क विकत घेतले. तोयोदांच्या घराण्याने त्यानंतर मोटारी केल्या. काही बिघडले की यंत्राने स्वतः थांबावे हे तत्त्व त्या कारखान्यांतही गेले, आणि आज व्यवस्थापनाचे विद्यार्थी ते जपानी शहाणपण म्हणून शिकतात. त्याचा उगम मागाच्या ब्रेकमध्ये आहे हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

आता रत्नागिरीकडे येऊ. १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाचा जिल्हा आजच्या सिंधुदुर्गासह धरायचा. १९८१ पर्यंत तो एकच होता. खाजणाची आणि वरकस जमीन, पिकाचे चार महिने आणि बोटीचे तिकीट, एवढ्या भांडवलावर ही माणसे लालबाग-परळला पोहोचली. त्यातली कित्येक साचेखात्यात लागली. समोरासमोर उभ्या केलेल्या दोन साच्यांमधल्या बोळात विणकर उभा राहत असे. बाणा तुटला तर वेफ्ट फोर्क साचा थांबवी. ताणा तुटला तर थांबवायला कोणी नव्हते, ते काम त्याच्या डोळ्यांचे. कांडी संपली की नवी भरण्याचे काम हातांचे. आणि कांडीची तार धोट्याच्या छिद्रातून बाहेर ओढण्याचे काम चक्क तोंडाचे: छिद्राला ओठ लावून श्वास आत घ्यायचा की तार बाहेर येते. हीच तार ओढायची रीत साचेखात्याच्या दारावरची पाटी झाली. अस्पृश्य मानलेल्या कामगारांनी तोंड लावलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावू, असे म्हणून सवर्ण विणकरांनी त्यांना विणकामात येऊ दिले नाही. जास्त पगाराचे हे खाते त्यांना बंदच राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच आंबडवे गावच्या घराण्यात जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. जातीची अढी यंत्राने निर्माण केली नाही, हे उघड आहे. पण ज्या कामात यंत्राने माणसाचे ओठ वापरायला लावले, तिथे त्या अढीला बसायला जागा मिळाली. तार आपोआप ओवणारा धोटा नॉर्थ्रप मागाबरोबर आलेला होता; मुंबईच्या बहुसंख्य साच्यांवर तो नव्हता. यंत्राचा एखादा भाग न बसवणे हा निर्णय केवळ तांत्रिक असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या छिद्राकडे पाहावे.

१९२८च्या संपाकडे या अंगाने पाहिले की त्याचे एक कारण जास्त स्पष्ट होते. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाने मुंबईचा विणकर दोनच माग सांभाळतो यावर बोट ठेवले होते. त्यानंतर ससून गटाच्या गिरण्यांनी विणकरामागे तीन माग देण्याची योजना रेटली. सहा मागांना तीन माणसे लागत होती तिथे दोन लागणार, म्हणजे तिसरा घरी. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असे जवळपास सहा महिने सुमारे दीड लाख कामगारांनी गिरण्या बंद ठेवल्या, गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली आणि वाद फॉसेट समितीपुढे गेला. या संपाची चर्चा पुष्कळदा बेकारीची भीती आणि साम्यवादी पुढाऱ्यांचा उदय या दोन गोष्टींभोवती फिरते. दोन्ही खऱ्या. पण तिसरा माग बोळाच्या बाहेर असतो, पाठीमागे किंवा बाजूला, हेही तितकेच खरे. ताण्याची पत्ती नसलेला माग पाठीमागे चालू ठेवायचा म्हणजे तुटलेली तार शेजारच्या तारांत गुंतत जाणार आणि विणकराला ते वीतभर कापड खराब झाल्यावर कळणार. त्या काळी खराब कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची प्रथा गिरण्यांत होती. न बसवलेल्या यंत्रणेचा खर्च मालकाने वाचवला आणि तिच्या अभावाचा दंड विणकराने भरला, असा तो व्यवहार. योजनेला 'कार्यक्षमता' असे नाव होते.

यावर पहिला आक्षेप मालकांच्या बाजूचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिंदी कापूस आखूड धाग्याचा, सूत कच्चे, मुंबईची हवा पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरी. तारा इतक्या तुटतात की प्रत्येक तुटण्यावर माग थांबला तर तो दिवसभर थांबलेलाच राहील. मग ब्रेकवर पैसे का घालायचे? युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. ब्रेक तुटणे कमी करत नाही. तुटण्याचे नुकसान एका जागी रोखतो, इतकेच. पण ज्या सुताने स्वयंचलित थांबा परवडत नाही त्याच सुतावर तिसरा माग परवडतो, हे म्हणणे कसे टिकेल? तारा जास्त तुटत असतील तर माणसाला कमी माग द्यावेत; कमी तुटत असतील तर थांबा बसवून जास्त द्यावेत. तुटणाऱ्या तारा, थांबा नाही आणि माग मात्र जास्त, ही तिसरी वाट हिशोबाच्या वहीत कामगाराचे डोळे फुकट धरल्याशिवाय निघत नाही. मुंबईचा कामगार आळशी म्हणून त्याला तीन माग जड वाटले, असेही त्या काळी म्हटले गेले. ज्या लँकेशायरचा कामगार आदर्श मानला जाई, तिथे साध्या मागांचा प्रघात माणशी चारांचा होता. बर्नलीच्या मालकांनी १९२९ नंतर तो सहा-आठांवर नेण्याचा प्रयत्न केला तेव्हा तिथल्या विणकरांनीही १९३१-३२ मध्ये टाळेबंदी आणि संप सोसले. त्या मालकांनी निदान प्रयोगात मागांची गती कमी करून पाहिली होती. दोन समुद्रांपलीकडची, वेगळ्या हवेतली, वेगळ्या रक्ताची माणसे एकाच यंत्रापुढे एकच तक्रार करतात तेव्हा दोष माणसांत शोधू नये.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. स्वयंचलित थांबा हीच बेकारीची पहिली पायरी नाही का? जो माग स्वतः थांबतो त्याला माणूस कमी लागतो. मग विणकराच्या कैवाऱ्याने त्याची भलामण कशाला करावी? स्वातंत्र्यानंतर ही भीती फार तीव्र होती. कानपूरला १९५५ साली याच प्रश्नावर ८० दिवसांचा संप झाला. १९५६ पासून सरकारने गिरण्यांच्या मागांची क्षमता गोठवली. १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने मधला मार्ग काढला: नवी यंत्रणा आणताना कोणाची नोकरी जाऊ नये, कामाचा बोजा मोजून ठरवावा, आणि फायद्यात कामगाराला वाटा मिळावा. या तीन अटींत मी मधल्या अटीला सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण ब्रेकविना बोजा मोजताच येत नाही. स्वतः थांबणाऱ्या मागावर पाळीत किती थांबे झाले हे मोजता येते. न थांबणाऱ्या मागावर विणकराने किती वेळा मान वळवली हे कोण मोजणार? राहिला नोकऱ्यांचा प्रश्न. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि हजारो माणसे संगमेश्वर, राजापूर, लांजा, चिपळूणच्या वाड्यांत परतली. त्यांच्या नोकऱ्या स्वयंचलित मागांनी खाल्ल्या असे म्हणता येत नाही. बंद पडलेल्या पुष्कळ गिरण्यांत जुनेच साचे होते. यंत्र न बदलल्याने नोकरी टिकते, हा हिशोब कोकणातल्या घरांनी खोटा ठरलेला पाहिला आहे.

आणि ते जुने साचे गेले कुठे? त्यातले पुष्कळ भंगाराच्या भावाने भिवंडीला आणि इतर यंत्रमाग गावांना गेले. इचलकरंजीची परंपरा वेगळी आणि जुनी: नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि गावाने त्यावर शहर उभे केले. पण यंत्र त्याच लँकेशायर कुळीचे. आज देशातल्या यंत्रमागांचा फार मोठा वाटा महाराष्ट्रात आहे, आणि त्यातल्या साध्या मागांवर एक कामगार बारा तासांच्या पाळीत सहा-आठ माग पाहताना सर्रास आढळतो. १९२८ मध्ये तिसऱ्या मागासाठी मुंबई सहा महिने बंद राहिली होती, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा. यातल्या कित्येक मागांवर ताण्याच्या पत्त्या नाहीत, आणि वेफ्ट फोर्क असला तरी तो निकामी केलेला असतो.

कोणी केला निकामी? इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो: थांबा कामगारालाच नको असतो. मजुरी मीटरवर, पिकांच्या हिशोबाने मिळते. माग थांबला की मीटर थांबले, मीटर थांबले की मजुरी थांबली. वेफ्ट फोर्क नीट जुळवलेला नसेल तर तार असतानाही तो माग थांबवतो, आणि माग जुळवणाऱ्या जॉबरला बोलावून तो दुरुस्त होईपर्यंत निम्मी पाळी जाते. अशा वेळी काट्याला दोरी बांधून टाकणारा विणकर अडाणी नसतो; त्याने आपला हिशोब बरोबर केलेला असतो. पण त्यावरून थांबा निरुपयोगी ठरत नाही, मजुरीची पद्धत सदोष ठरते. खऱ्या तुटीमुळे झालेला थांबा हा कामाचाच भाग आहे, असे मानून त्या वेळेची मजुरी दरात धरली, आणि जॉबरकडे काट्यांची जुळणी हे रोजचे काम म्हणून सोपवले, तर दोरी बांधायला कारण उरत नाही. कामगार संघटनांनी मजुरीवाढीची बोलणी करताना पैशांच्या आकड्याबरोबर हा मुद्दा टेबलावर ठेवावा, अशी माझी सूचना आहे. मालकांचे त्यात नुकसान नाही: विरळ पट्ट्या पडलेले कापड व्यापारी पडेल भावानेच उचलतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नव्हता. १९४८च्या कारखाना कायद्याच्या २४व्या कलमाप्रमाणे पट्टा फास्ट पुलीवरून लूज पुलीवर नेण्याची सोय हवी होती, आणि प्रत्येक खोलीत चालत्या यंत्राची शक्ती तातडीने तोडण्याचे साधन हवे होते. धोटा उडून डोळ्याला किंवा कपाळाला लागणे हा यंत्रमागावरचा जुना अपघात आहे, आणि त्याविरुद्ध धोट्याला आडकाठी लावण्याची तरतूद नियमांत आलेली आहे. पण त्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला दहा माणसांची अट घातली, आणि यंत्रमागांची मालकी घरातल्या चार जणांच्या नावे वाटली की प्रत्येक शेड त्या अटीतून निसटत असे. शिवाय तो कायदा शक्ती तोडण्याबद्दल बोलत होता, थांबण्याबद्दल नाही. हँडल सुटल्यावर माग किती पिकांत उभा राहिला पाहिजे हे त्यात कुठे नव्हते. त्या मानाने केंद्र सरकारची साध्या यंत्रमागांच्या जागीच सुधारणेची योजना या विषयाच्या जास्त जवळ आली. २०१३च्या सुमारास सुरू झालेली आणि १ एप्रिल २०१७ रोजी पॉवरटेक्स इंडिया या छत्राखाली भिवंडीतून पुन्हा पुढे आणलेली ही योजना मागाला जोडण्याच्या सुट्या साधनांवर अनुदान देई, आणि त्या यादीत बाण्याचा थांबा, ताण्याचा थांबा आणि चांगला ब्रेक ही तिन्ही साधने नावानिशी होती. कागदावर 'साहाय्यक' वर्गाला इतका मान आधी क्वचितच मिळाला असेल. त्याच यादीत डॉबी आणि जॅकार्डही होते. डॉबीने कापडावर नक्षी येते आणि मीटरचा भाव वाढतो. ब्रेकने भाव वाढत नाही, फक्त घट टळते. वाढलेला भाव बिलावर दिसतो, टळलेली घट कुठेच लिहिली जात नाही. हात आखडता असलेल्या मालकाचे मन कुणीकडे झुकेल हे सांगायला नको.

शेवटचा आक्षेप काळाचा. आता धोटाच राहिला नाही. रेपियर आणि एअर-जेट माग आले, विद्युतचुंबकीय ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक फीलर त्यांच्या अंगातच आहेत. मग वेफ्ट फोर्कची पुराणे कशाला? मिनिटाला ६०० पिके घेणाऱ्या मागावर एका पिकाला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. तेवढ्यात तुटलेला बाणा ओळखून, त्याच फेरीत, फणी ठोकण्याआधी माग उभा करावा लागतो. वेग वाढला तसा ब्रेकचा प्रश्न संपलेला नाही, अरुंद झाला आहे. डोळ्यांनी तो भागवण्याची वाट मात्र कायमची बंद झाली. म्हणूनच वेगवान माग बनवणाऱ्याला थांबा टाळता येत नाही. जो माग माणसाच्या डोळ्यांवर चालू शकण्याइतका संथ आहे, त्याच्यावरच तो टाळला जातो. आणि असे संथ माग आपल्याकडे अजून लाखांत आहेत. ते भंगारात जाईपर्यंत त्यांच्यासमोर माणसे उभी राहणार आहेत.

ज्यांच्या हाती असे माग आहेत त्यांनी पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक तपासणी करून पाहावी. जवळपास संपत आलेली कांडी धोट्यात भरून माग चालू करा, हात दूर ठेवा, आणि तार संपल्यावर माग किती पिकांत उभा राहतो ते मोजा. काटा कडेचा असेल तर दोन-तीन पिकांपर्यंत चालेल. त्याहून जास्त झाली तर आधी ब्रेकचे चामडे पाहा, मग चाकावरचे तेल, मग काट्याची जुळणी. अनुदानाचा किंवा स्वतःचा पैसा एकाच साधनाला पुरत असेल, तर डॉबी पुढच्या वर्षी घ्यावी.